पॉम-पॉम, स्पॉटर आणि ७५ तास

पिट्सबर्ग,
५ जुलै

प्रिय अनघा,

शाळेने चिअरचा, म्हणजे सामन्यांत घोषणा देत कसरती करणारा, संघ तुझ्या गळ्यात घातला आणि वर ‘यंदा समाजसेवेवर भर’ अशी पुरवणीही जोडली. या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, असं तू विचारतेस. सेवा सरावाच्या डोक्यावर लादू नकोस, सरावातूनच वेळ काप. आठवड्याला तीन सराव असतील तर महिन्यातला एक पूर्ण सेवेला दे, आणि त्याची आखणी स्टंटसारखीच, म्हणजे एकमेकांना उचलून धरायच्या कसरतीसारखीच, कर: कोण कुठे उभं, मोजणी कोणाची, बिघडलं तर कोणी काय करायचं. ‘शनिवारी जमेल त्यांनी या’ असं सांगितलंस की दर वेळी त्याच पाच मुली येतात आणि नोव्हेंबरपर्यंत त्यांची बाकीच्या अकरा जणींशी बोलाचाली बंद होते.

मेरीलँडमध्ये तुझं काम थोडं सोपं आहे. हायस्कूल पूर्ण करायला तिथे ७५ तासांचं सर्व्हिस लर्निंग, म्हणजे समाजसेवेतून शिकणं, सक्तीचं आहे, आणि अशी अट घालणारं ते पहिलं राज्य. म्हणजे मुलांना तास हवेच असतात. पण त्यात तयारी, प्रत्यक्ष काम आणि नंतरचं चिंतन असे तीन भाग धरतात, आणि काय मोजायचं याचे तपशील प्रत्येक काउंटी (जिल्हा) आपापले ठरवते. कार्यक्रमाची मंजुरी आधी घे. काम झाल्यावर फॉर्म घेऊन धावलं की तास बुडतात. चिंतन म्हणजे निबंध नव्हे, परतीच्या बसमधली दहा मिनिटं पुरतात: काय अडलं, कोणाला उपयोग झाला, पुढच्या वेळी काय बदलायचं. आणि संघाच्या नव्या गणवेशासाठी गाड्या धुऊन पैसे जमवणं ही सेवा नव्हे, शाळेने कितीही तसं म्हटलं तरी.

आता स्टंट, कारण तिथे चूक झाली तर बाकी सगळं बाजूला पडतं. सोळा जण असतील तर चारचे चार गट होतात: खालून उचलणाऱ्या दोन बेस, मागून आधार देणारी एक बॅकस्पॉट, वर चढणारी एक फ्लायर. पण एक जण आजारी पडला की एक गट मोडतो, म्हणून अठरा-वीस घे आणि राखीव मुलांनाही दोन-दोन जागा शिकव. क्रम सोडू नकोस: आधी थाय स्टँड (बेसच्या मांड्यांवर उभं राहणं), मग खांद्याच्या उंचीचा प्रेप, मग क्रेडल (फ्लायरला खाली हातांत झेलणं), आणि हे सगळं बसल्यावरच हात पूर्ण वर ताणलेलं एक्स्टेन्शन. लागोपाठ पाच वेळा स्वच्छ चढ-उतार झाल्याशिवाय वरची पायरी नाही. ‘डाउन’ कोणीही म्हणू शकतं, आणि ते ऐकल्यावर वाद न घालता खाली यायचं.

प्रेप डगमगला की सगळे फ्लायरकडे बघतात. तू बेसच्या पायांकडे बघ. दोघी एकमेकींपासून लांब उभ्या असल्या की फ्लायरचे पाय फाकतात आणि तिला तोल सावरता येत नाही. दुसरं कारण म्हणजे फ्लायर खाली बघते, कंबर मागे जाते, वजन टाचांवर येतं आणि सगळा भार बॅकस्पॉटवर पडतो. तिला समोरच्या भिंतीवर नजरेच्या वर एक खूण दे. बेस पाठीने उचलत असतील तर दोन आठवड्यांत कंबरदुखी सुरू होते, म्हणून उचल गुडघ्यांतून. आणि स्टंट कोसळताना कोणीही बाजूला व्हायचं नाही. अंग चोरण्याची सवय जमिनीवरच्या सरावात मोडावी लागते, वर चढल्यावर नाही.

तुला दहीहंडीचे थर आठवतील. ते विसर. इथे हायस्कूलच्या पातळीवर रचना दोन माणसांपेक्षा उंच चालत नाही, हात पूर्ण ताणलेल्या स्टंटला वेगळा स्पॉटर (पडलं तर सावरायला उभा राहणारा) लागतो, आणि फ्लायरला हवेत उडवायचा बास्केट टॉस जिमच्या लाकडी कोर्टवर करता येत नाही. एनएफएचएस या हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं स्पिरिट, म्हणजे चिअरच्या, नियमांचं पुस्तक दर वर्षी नवं घे, नियम बदलतात. दागिने, च्युइंगगम, लांब नखं, मोकळे केस बंद. ‘फक्त नाकातली चमकी’ असं कोणीतरी म्हणणारच. ऐकू नकोस. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर त्या दिवशी मूल मैदानाबाहेर, आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. मेरीलँडमध्ये हा कायदा आहे. ‘चिअर हा खेळच नाही’ म्हणून जिममधला कोपरा देऊ पाहणाऱ्यांना सांग की अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ सालीच त्याला खेळ मानायची शिफारस केली आहे. मॅट, दुखापती बघणारा ट्रेनर आणि आणीबाणीचा लेखी आराखडा माग. मुलगे यायला लाजत असतील तर हेही सांग की १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात हा प्रकार एका मुलानेच सुरू केला. मुली १९२३मध्ये आल्या.

पहिलं सेवेचं काम म्हणून अन्नसंकलन घे. त्यात चिअरचं खरं कसब लागतं: गर्दीचं लक्ष वेधणं, थोडक्यात बोलणं, वेळ पाळणं. आधी गरजूंना अन्न वाटणाऱ्या फूड बँकेला फोन करून त्यांना नेमकं काय हवंय ते विचार. साधारणपणे पीनट बटर, ट्यूना, डबाबंद कडधान्यं, कमी मिठाच्या भाज्या, तांदळाची एक-दोन पाउंडांची पाकिटं चालतात. काचेच्या बरण्या, शिवणीवर चेपलेले डबे, घरी केलेले पदार्थ चालत नाहीत. तुमच्या मराठी मंडळाला गणेशोत्सवात हातभार लावायला सांगणार असशील तर हे आधीच कळव: इंडियन ग्रोसरीतली तूरडाळ कंपनीच्या सीलबंद पाकिटात असेल आणि त्यावर इंग्रजीत घटक छापलेले असतील तर देता येते. घरच्या झिप पिशवीत भरलेली डाळ परत येते. लोणच्याची काचेची बरणीही.

संकलन घरच्या, म्हणजे आपल्याच मैदानावरच्या, सामन्याला ठेव आणि आठवडाभर आधी घोषणा हवी. गेटवर पोचल्यावर ‘डबा आणलात का’ विचारून उपयोग नाही, घरून निघताना माणसाला ते आठवायला हवं. गेट उघडल्यापासून सामना सुरू होण्याआधी वीस मिनिटांपर्यंत प्रत्येक गेटवर दोघं, वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी. शेवटची वीस मिनिटं वॉर्म-अपची, ती कोणालाही देऊ नकोस. थंड अंगाने स्टंटला उभं राहणं हे दुखापतीचं हमखास कारण. खोक्यांचं एक सांगते: कॉपीच्या कागदांचा खोका काठोकाठ डब्यांनी भरला की तळ सुटतो. तीस पाउंडांवर थांब, तळाला टेप उलटसुलट दोनदा लाव. रोख पैसे आले तर दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची आणि त्याच रात्री शाळेच्या खात्याकडे द्यायचे. तुझ्या पर्समध्ये एक रात्रही नकोत.

गोदामात काम असेल तर गणवेश नको, टी-शर्ट, लांब पँट आणि बंद बूट. मदत घ्यायला आलेल्या कुणाचाही फोटो नाही, मागच्या रांगेत पुसटसासुद्धा नाही. फोटोसाठी केलेली सेवा मुलांना लगेच कळते, तुझ्याआधी.

रक्तदान शिबिर कोणीतरी सुचवेलच. काम चांगलं आहे, पण तारीख सामन्याच्या किंवा सरावाच्या दिवशी कधीच नको. रक्त दिल्यावर उरलेला दिवस जड व्यायाम वर्ज्य, आणि चक्कर आलेला बेस वरच्या मुलीला घेऊनच खाली येतो. बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने रक्त देता येतं, पण किमान ११० पाउंड वजन लागतं आणि किशोरवयीनांना उंची-वजनाची वेगळी अटही असते. तुझ्या फ्लायर त्यात हमखास अडकतील. म्हणून ‘कोण देणार’ असं संघासमोर विचारू नकोस. या संघांत वजनाचा विषय मुलींना फार लागतो. सगळ्यांना आधीच नोंदणी आणि खाऊच्या टेबलावर नेम, ज्यांना द्यायचंय त्या आपणहून देतील.

वृद्धाश्रमात जाशील तर वीस मिनिटं पुरे. स्टंट अजिबात नाहीत, आवाज निम्मा, कारण श्रवणयंत्रात किंचाळी फार टोचते. पॉम-पॉमच्या सुटलेल्या पट्ट्या फरशीवरून लगेच उचलायच्या, त्यावर वॉकर घसरतो. फ्लूच्या मोसमात भेटी बंद असू शकतात, म्हणून ऑक्टोबरच बरा.

मला विचारशील तर सगळ्यात मोलाचं काम वेगळंच आहे: अपंग विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केलेला चिअर संघ. २००८ साली आयोवातल्या एका हायस्कूलमधून ‘स्पार्कल इफेक्ट’ या नावाने सुरू झालेली संस्था असे संघ उभारायला मदत करत आली आहे. विशेष शिक्षणाच्या शिक्षकांशी ऑगस्टआधीच बोल. आठवड्यातून एक तास, प्रत्येकाला एक कायमची जोडीदार, सारखाच गणवेश, आणि मध्यंतरातल्या पाच मिनिटांच्या कौतुकाऐवजी सामन्याचा अख्खा एक क्वार्टर (चौथा हिस्सा) साइडलाइनवर, मैदानाच्या कडेला. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेतल्या वरच्या सांध्यात सैलपणा असू शकतो, म्हणून डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय कोलांट्या नाहीत, आणि मानेवर ताण येईल असा कोणताही स्टंट नाही. लाउडस्पीकर आणि पॉम-पॉमची सळसळ काहींना सहन होत नाही. कान झाकायचे मफ जवळ ठेव आणि बाहेर पडायची शांत जागा आधी दाखवून ठेव. घोषणा तीन शब्दांची, हातवारे चार आकड्यांच्या मोजणीवर. तुझ्या मुलींना आठ आकड्यांची घाई असते, ती इथे मोडते, आणि त्यांची साइडलाइनही त्यामुळे सुधारते. आपल्या संघाकडे चेंडू असताना ‘डिफेन्स’ ओरडणं हा घाईचाच आजार.

अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडून सामन्यांचं वेळापत्रक मिळालं की मला पाठव. होमकमिंगचा (माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या उत्सवाचा) आठवडा आणि परीक्षांचे दिवस त्यावर आधी खोडून टाक, मग उरलेल्या तारखांवर सेवेचे चार सराव आपण फोनवर बसवू. आणि मॅटच्या पट्ट्यांचा वेल्क्रो अजून धरतो का, ते जुलैतच तपास. ऑगस्टमध्ये सगळ्याच शाळा मागवतात.

तुझी,
वैशाली