पोते परत ठेवायला लावणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, तुरीची डाळही घेतली नाही. सासूबाईंनी फारच आग्रह केला तेव्हा चहाचा दुसरा कप तेवढा घेतलात. तेव्हा आभार तरी चारचौघांत मानावेत, असे घरात सर्वांचे मत पडले. हे पत्र उघडपणे लिहिण्याला आणखीही एक कारण आहे. गेल्या ऑक्टोबरात आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जे पोते तयार करून ठेवले होते, तसे पोते आमच्या आर्वी तालुक्यातल्या अनेक घरांतून कधी ना कधी निघते, आणि त्यात बांधलेले मांजर वर्धा नदीपलीकडच्या एखाद्या शिवारात सोडून दिले जाते. आमचे पोते कोठीत परत गेले ते आपल्यामुळे.

ज्याच्यासाठी ते पोते काढले होते तो बोका, भिंगऱ्या, आमच्याकडे आला तो २०२४ च्या मृगात. तुराट्यांच्या कुडाआड त्याची आई मरून पडलेली होती आणि पिलांपैकी हे एकटेच जिवंत उरले होते, जेमतेम तीन-चार आठवड्यांचे. माझ्या मुलाने त्याला ड्रॉपरने शेळीचे दूध पाजून जगवले, आणि आपल्या हाताची बोटे चावायला देऊन देऊन त्याच्याशी खेळला. त्यात काही चुकते आहे असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. नवरात्रापर्यंत त्या बोटांवर रक्त दिसू लागले होते आणि घरातली दोन जुनी मांजरे, बारा वर्षांची काशी आणि आठ वर्षांचा सोनबा, जमिनीवर उतरेनाशी झाली होती. सोनबा निदान पंजा तरी उगारत असे. काशी मात्र कोठीतल्या पोत्यांमागे दिवस दिवस बसून राहायची, आणि एके सकाळी तिने तुरीच्या पोत्यावर लघवी केली. बारा वर्षांत तिने घरात कधी घाण केली नव्हती. सासूबाईंचा सगळा राग भिंगऱ्यावर निघाला. मीही काही कमी केले नाही: त्याने झेप घेतली की चप्पल फेकायची, पाणी शिंपडायचे, कधी मान धरून बाहेर टाकायचे. परिणाम एवढाच झाला, की तो माझ्यासमोर झडप घालीनासा झाला आणि पाठ वळताच दुप्पट जोराने घालू लागला.

आपण आला होतात ते वासराच्या हगवणीसाठी. सारे गाव आपल्याला ‘ढोरांचे डॉक्टर’ म्हणते आणि आपण दर वेळी दुरुस्ती करता, की मी सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक आहे, डॉक्टर नव्हे. वासरू पाहून झाल्यावर आपण बाजेवर टेकलात, पोते कशासाठी ते विचारलेत, आणि आम्ही भिंगऱ्याच्या तक्रारींचा पाढा वाचत असताना त्याच्याकडे न पाहता काशीकडे पाहत राहिलात. ती दुधात कुस्करलेली भाकरी मान वाकडी करून एकाच बाजूने खात होती, मधेच घास टाकत होती, आणि तिच्या हनुवटीखालचे केस ओले होते. हे सारे आमच्या डोळ्यांसमोर महिनोन्महिने चालले असणार. ‘हिचे तोंड दुखते आहे,’ एवढेच आपण म्हणालात. दुखणे लपवण्यात मांजराचा हात कुणी धरत नाही, आणि दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला पोराचा साधा धक्काही सोसत नाही, हे आपण सांगितलेत तेव्हा मला माझीच लाज वाटली.

त्याच वेळी शेजारच्या एकाने घरातली तापाची गोळी पाव करून काशीला द्यायला सांगितली होती, आणि मी ती देणारही होते. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, त्याने रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासे होते आणि थोड्याशा मात्रेनेही मांजर दगावते, हे आपण इतक्या जरबेने सांगितलेत की गोळी तिथेच चुलीत गेली. या एका वाक्याचे आभार वेगळे मानले पाहिजेत.

काशीला आपल्या सांगण्यावरून नागपूरला सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. हे महाविद्यालय १९५८ पासून तिथे आहे आणि आमच्या घरचे बैल, गाई, शेळ्या यांची चर्चा करताना त्याचे नाव नेहमी निघते. पण मांजराला घेऊन एसटीने नागपूरला जायचे, याला गाव हसले. डाल्याला वरून लुगडे बांधून नेले. खालच्या जबड्यातल्या दोन दाढा मुळाशी झिजून पोखरल्या होत्या. भूल देऊन त्या काढाव्या लागल्या. दहा दिवसांनी ती दोन्ही बाजूंनी खाऊ लागली.

भिंगऱ्याबद्दल मात्र आपण लगेच काहीही सांगितले नाही. माझ्या शाळेतली एक जुनी वही मागवून घेतलीत आणि तीन दिवस लिहायला लावलेत: किती वाजता, कुठे, सुरुवात कुणी केली, निघून कोण गेले आणि गेल्यावर त्याने काय केले. हा शेवटचा प्रश्न मला तेव्हा फालतू वाटला होता. वास्तविक सगळी गोम त्यातच होती. सोनबा झटापटीतून सुटला की अंग झटकून पुन्हा भिंगऱ्याच्या समोर जाऊन बसायचा. कधी हा वर, कधी तो वर, आवाज नाही, नखे आत. म्हणजे तो खेळत होता. काशी सुटली की कान मागे चिकटवून गुरगुरत कोठीत शिरायची आणि तासन्‌तास बाहेर येत नसे. तीन दिवसांत १९ नोंदी झाल्या, त्यांतल्या १४ पहाटेच्या आणि दिवेलागणीच्या, आणि त्या चौदांतल्या बहुतेक एकाच जागच्या: सपरीतून अंगणात उतरणाऱ्या दारापाशी, रांजणाच्या आड. तिथे दबा धरून बसलेला भिंगऱ्या काशी परसात निघाली की तिच्यावर पडायचा. तिला बाहेर जायची वाटच राहिली नव्हती. तुरीच्या पोत्यावरच्या त्या लघवीचा अर्थ वहीच्या दुसऱ्या पानावर सापडला.

मांजराचे पिलू आपल्या भावंडांशी झोंबताना शिकते की किती जोराने चावले म्हणजे समोरचा खेळ सोडून निघून जातो. हे शिक्षण साधारण दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत चालते, आणि आमच्या भिंगऱ्याला ते मिळालेच नाही, उलट माणसाची बोटे मिळाली. आपण हे समजावून सांगितल्यापासून सासूबाई त्याला ‘राक्षस’ म्हणायच्या थांबल्या. ‘बिनआईचे लेकरू’ म्हणू लागल्या, आणि लाडही अंमळ जास्तच होऊ लागले, ही गोष्ट वेगळी.

मग तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीचा खेळ. लांब काडीच्या टोकाला जुन्या लुगड्याची रुंद पट्टी घट्ट शिवायची, दोरा लोंबता ठेवायचा नाही, कारण गिळलेला दोरा आतड्यांत अडकून मांजर मरू शकते. पट्टी त्याच्या तोंडापुढे नाचवायची नाही, उंदरासारखी दूर पळवायची, कोपऱ्याआड लपवायची. पहाटे एकदा आणि दिवेलागणीला एकदा, दहा-पंधरा मिनिटे, आणि शेवटी पट्टी त्याला पकडू द्यायची व त्याच क्षणी जेवण वाढायचे. कारण पाठलाग, झडप, घास, अंग चाटणे आणि झोप ही मांजराची साखळी आहे आणि ती मधेच तोडली तर ते चिडते. खेळ झाल्यावर काडी उंचावर ठेवायची. हाताने खेळणे घरात सर्वांना बंद. बोटाला दात लागलाच तर ओरडायचे नाही, हात ओढायचा नाही, खेळ संपवून उठून जायचे. मुलाला हे दोन दिवसांत जमले. मला दोन आठवडे लागले.

याच संदर्भात आपण सासूबाईंच्या मनगटावरचा ओरखडा पाहिलात आणि त्यांना त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलेत. चावा किंवा ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायचा आणि रेबीजच्या लशीसाठी जायचे, मांजर घरचे आहे म्हणून थांबायचे नाही, हे आम्ही आता इतरांनाही सांगतो. तिन्ही मांजरांना लस टोचून घेतली ती त्यानंतर.

काशी घरी परतल्यावर दाराची गोष्ट सुरू झाली. भिंगऱ्याला मागच्या खोलीत घमेलेभर वाळू, पाणी आणि एक खोके देऊन ठेवले. तिघांच्या गालांवरून एकच जुने फडके फिरवून त्याचे तुकडे एकमेकांच्या ताटलीखाली घातले, कारण मांजराच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात आणि ओळख डोळ्यांआधी नाकाने होते. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आधी दारापासून पाच हात, मग रोज थोडे जवळ. इथे आमचा दोष कबूल केला पाहिजे. सहाव्या दिवशी पाहुणे होते, खोली हवी होती, आणि सगळे शांत दिसते म्हणून आम्ही दार सताड उघडले. दोन मिनिटांत काशी माळ्याच्या शिडीवर आणि भिंगऱ्याच्या नाकावर तिच्या नखाची रेघ. आपल्याला फोन केला तेव्हा आपण रागावला नाहीत. पुन्हा पाच हातांपासून सुरुवात करायला सांगितलेत आणि विचारलेत, की या वेळी दार उघडण्याची घाई नक्की कुणाला होती.

दुसऱ्या खेपेस पाच आठवडे घेतले. मधल्या काळात तालुक्याच्या दवाखान्यात भिंगऱ्याची नसबंदी झाली. रांजण हलवला. परसाकडे जाणारी दुसरी वाट काशीसाठी मोकळी केली, तिघांना पुरावीत म्हणून घमेली चार केली, आणि गुडघे धरलेल्या काशीला उडी न मारता माळ्यावर जाता यावे म्हणून पोत्यांची पायऱ्यांसारखी थप्पी रचली. तिची सर्वांत वरची पायरी म्हणजे ते पोते, घडी घालून.

आज भिंगऱ्या वर्षाचा आहे. सोनबाशी त्याची रोज कुस्ती होते. काशीशी मैत्री झालेली नाही आणि ती होईल असे आपणही कधी म्हणाला नव्हता. ती समोरून आली की हा बाजूला सरून बसतो. विसरला तर ती एकदा फिस्कारते, आणि तेवढे त्याला पुरते. संध्याकाळी तिघे एकाच सपरीत, तीन ताटल्यांवर, अंतर राखून जेवतात. मे महिन्यात वहीत एकही नोंद झाली नाही, म्हणून ती वही आपल्याकडे पाठवत आहे. मागच्या कोऱ्या पानांवर मुलाने भिंगऱ्याची चित्रे काढली आहेत, त्याबद्दल क्षमा असावी.

आणि एवढ्या दिवसांत सांगायचेच राहिले: वासरू उत्तम आहे.

आपली कृतज्ञ,
पोतेवाल्या घरची सून