ते बांडगूळ नव्हे, बाशिंग

महोदय,

मागच्या महिन्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर आमच्या गावच्या पावसाळ्याआधीच्या साफसफाईचा फोटो आला होता. खाली ओळ होती, 'आंब्यांवरील बांडगुळे काढताना ग्रामस्थ'. फोटोतल्या ढिगात बांडगूळ नाही, बाशिंग आहे, म्हणजे झाडावर वाढणारा एक नेचा (फर्न). ही दुरुस्ती छापावी म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी दापोली तालुक्यात एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. एस.टी. नाक्यापर्यंत, पुढे वाड्यांतून पायी. आमच्या देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीला सात जुने रायवळ आंबे आहेत आणि सातहीवर बाशिंग होतं. सासरे सांगायचे, नवरदेवाच्या कपाळावर बांधतात तसं हे झाडाच्या कपाळावर बसतं, म्हणून बाशिंग. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 साली या नेच्याला नाव दिलं ते ओकच्या पानावरून. ओक आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही, पण लग्नातलं बाशिंग सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मला आपलंच नाव जास्त नेमकं वाटतं.

याला पानं दोन तऱ्हेची. एक वीतभर, रुंद, कातरलेल्या काठाची, खोडाला धरून उभी राहणारी. ती लवकरच तपकिरी होतात आणि कागदासारखी वाळली तरी गळत नाहीत. तीच बघून लोकांना झाड रोगट वाटतं. खरं तर ती त्याची ओंजळ आहे. वरून पडणारा पाला, मोहोर, धूळ, पाखरांची शीट त्यात साठते, कुजते, आणि त्या मूठभर मातीवर बाशिंग जगतं. मुळं आंब्याच्या सालीला धरून राहतात, आत शिरत नाहीत, झाडाचा रस पीत नाहीत. दुसरी पानं हिरवी, हातभर लांब, मागच्या बाजूला बीजाणूंचे तपकिरी ठिपके असलेली. उन्हाळ्यात ती झडतात, नुसते हीर उरतात आणि पाऊस लागला की पुन्हा फुटतात. या सगळ्याच्या खाली सालीवरून सरपटत जाणारा जाड कंद असतो, मुंगसाच्या शेपटीसारखी लव असलेला. लहानपणी आम्ही भीत भीत त्याच्यावरून बोट फिरवायचो.

बांडगूळ वेगळं. त्याची पानं जाड, फुलं लांब नळीसारखी आणि केशरी. फुलटोचा हा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो, चिकट बी फांदीवर पुसून जातो, आणि रुजलेलं बी फांदीच्या आत घुसून तिचं पाणी ओढतं. ते फांदीच्या तुकड्यासकट कापायलाच हवं, बागायतदारांचं नुकसान मीही पाहिलं आहे. आमच्या सात आंब्यांपैकी एकावर, देवळाच्या टाकीजवळ, खरंखुरं बांडगूळ आहे. ते अजून तिथेच आहे. शिडी लावून, कोयत्याने खरवडून काढलं ते बाशिंग, आणि संध्याकाळी ढीग पेटवला. ज्यांनी केलं ती आपलीच मुलं, मनात वाईट काही नव्हतं. पण खरवडताना ओंजळीतून मुंग्या, पाली आणि एक झाडबेडूक खाली पडताना मी पाहिला. मी थांबा म्हणेपर्यंत चार झाडं उरकली होती.

एक गोष्ट माझ्या कामामुळे सांगणं मला भाग आहे. ढीग पेटण्याआधी काहीजण कंद पिशवीत भरून घेऊन गेले, सांधेदुखीवर म्हणून. तामिळनाडूत कोल्ली डोंगरावर या कंदाचं सूप विकलं जातं, ते मोबाइलवर बघून आता आमच्याकडेही मागणी होऊ लागली आहे. जुनी माणसं एखादा तुकडा घ्यायची, बाकीचं झाडावर ठेवायची. आता पिशव्या भरल्या जातात. मोडलेलं हाड कंद बांधून धरून ठेवलेले रुग्ण मी तालुक्याला पोचवले आहेत, काहींचं हाड तोवर वाकडं जुळून गेलेलं होतं. हाड मोडलं तर आधी दवाखाना गाठा, हे मी वाडीवाडीत सांगत आले, इथेही सांगते.

आमच्या दापोलीतच कोकण कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी बांडगूळ आणि बाशिंग शेजारी शेजारी दाखवणारं एक पान छापून मे महिन्याच्या आधी ग्रामपंचायतींना द्यावं, ही माझी विनंती. आपण ते आपल्या अंकात छापलंत तर फारच बरं.

खाली पडलेल्या कंदांपैकी पाच तुकडे मी उचलून आणले होते. माती लावली नाही, पुरले तर ते कुजतात. मिरगाच्या आदल्या दिवशी पुतण्याला घेऊन गेले आणि सुंभाने तिसऱ्या आंब्याच्या बेचक्यात बांधले. दोन वाळले. तिघांना आता कोंब आले आहेत, टोकाला गुंडाळलेले, लव अजून ओली. सुंभ इतक्यात सोडू नये, असं मी मुलांना सांगून ठेवलं आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. दापोली, जि. रत्नागिरी