तिसरा तुकडा

प्रिय मित्रा,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. दोनदा पत्र सुरू केलं, दोनदा फाडलं. आज लिहिल्यावाचून झोप यायची नाही, कारण परवा माझ्या हातात जे आलं ते काय आहे, हे तुझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

वारा समोरून होता म्हणून बोट शिडाऐवजी इंजिनावर चालवत होतो. ही सुकाणूवर. तिनं हाक मारली, "अहो, मागून पाणी पडत नाहीये, नुसती वाफ येतेय." मी तापमानाचा काटा बघेपर्यंत इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. इंजिन बंद केलं. किनारा दूर होता हे नशीब. पुढचं शीड उलट बाजूला ताणलं, सुकाणू बांधलं आणि बोट जागच्या जागी डुलती ठेवून खाली उतरलो. सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारी तळाची तोटी, बंद केला, इंजिनाची किल्ली त्याच्याच दांड्यावर अडकवली. हो, तुझाच नियम.

गाळणी स्वच्छ होती. नळी सोडून सीकॉक उघडला तर पाणी नुसतं पाझरलं. डिंगीच्या, आपल्या छोट्या होडीच्या, पंपानं उलटी हवा मारली, तशी बाहेरच्या तोंडाला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी सुटून वर तरंगली. पण तोवर इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप कोरडा फिरला होता. त्या पंपाचं झाकण डोळ्यांना दिसत नाही अशा जागी, आरसा धरून बोटांच्या टोकांनी स्क्रू काढले. एक खाली बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या खळग्यात, पडलाच. पितळेला चुंबक काय करणार? शेवटी धाकट्याचा बारीक हात कामी आला, आणि तेव्हापासून तो स्वतःला चीफ इंजिनिअर म्हणवतोय.

इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या रबरी चाकाच्या, सहा पात्यांपैकी दोन मुळातून गेली होती.

आणि मला तू आठवलास, सहलीची पोरं मोजावीत तशी पाती मोजणारा. त्या वर्षी नांगरावर, अंधार पडत असताना, तू म्हणालास, एक कमी आहे, हीट एक्सचेंजर, ती इंजिन थंड ठेवणारी नळ्यांची पेटी, उघडल्याशिवाय इंजिन लावायचं नाही. मी म्हटलं, गेलं असेल समुद्रात. एवढा तुकडा त्या बारीक नळ्यांतून पार होतच नाही, हे तू परोपरीनं सांगत होतास. पुढचे दोन दिवस आपण 'शीड ओढ' आणि 'शीड सोड' एवढंच बोललो.

या वेळी मी एक्सचेंजर उघडला. पाणी शिरतं त्या बाजूला नळ्यांच्या तोंडाशी एक तुकडा मिळाला, मग दुसरा. आणि त्यांच्या मागे तिसरा: कडक, खार चढलेला, कडा झिजलेल्या. तो तुझा होता. बराच वेळ तळहातावर घेऊन बसलो. इतकी वर्षं तो तिथे नळ्यांची तोंडं झाकून बसला होता आणि मी, काटा जरा चढतोय म्हणून, थर्मोस्टॅट बदलत होतो. तू बरोबर होतास. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आता खरी काळजी. नवा इम्पेलर ग्लिसरीन लावून, पाती फिरण्याच्या दिशेला वाकवून बसवला. झाकणावर आतून चरे पडले होते, म्हणून ते उलटं करून लावलं. पाणी छान पडतंय. तरी वेग वाढवला की काटा 80 वरून 88 वर जातो. झाकणाखालचं गॅस्केट फाटलं होतं, मी जाड कागदाचं कापून घातलं. त्या जाडीनं फट राहून पंपातलं पाणी आतल्या आत मागे सरकत असेल का? की त्या तुकड्यामागच्या नळ्या क्षारानं कायमच्या बुजल्या? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच डोक्यात. पुढचा टप्पा चार दिवसांचा आहे आणि पोरं बरोबर आहेत. तू म्हणशील तर एक्सचेंजर पूर्ण उतरवतो, मग कितीही दिवस थांबावं लागो.

लेकीचा निकाल कळला, फार आनंद झाला. नवं घर लागलं का? वहिनींना नमस्कार, आईंची गोळ्यांची कटकट संपली असेल.

तू वापरायचास तो गॅस्केटचा कागद किती जाडीचा, तेवढं लगेच कळव. तुकडा डबीत जपून ठेवलाय. येशील तेव्हा तुझ्या हातात देईन.

तुझाच