मियाटाच्या ब्रेकसाठी दादांना जाहीर थँक्यू

दादा, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून लिहूनच टाकतो. आणि उघड लिहितोय कारण छोट्या स्पोर्ट्स कारला मोठे ब्रेक बसवायचा किडा बऱ्याच जणांना चावलेला असतो आणि प्रत्येकाला तुमच्यासारखं कोणी भेटेलच असं नाही.

पहिला थँक्यू तुम्ही मला सरळ "नाही" म्हणालात त्याबद्दल. गाडी माझदाची पहिल्या पिढीची मियाटा, १.६ लिटर इंजिनवाली, पुढचा रोटर (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) २३५ एमएम आणि मागचा २३१. मला पाहिजे होते पुढे चार पिस्टनचे लालभडक कॅलिपर (पिस्टनने ब्रेक पॅड रोटरवर दाबणारा भाग), रिमच्या आतून मस्त दिसणारे, आणि मागचं आहे तसंच राहू दे. तुम्ही लेक्चर दिलं नाहीत, फक्त विचारलंत, "आणि मागच्या चाकांनी काय घोडं मारलंय?"

मग जे सांगितलंत ते डोक्यात पक्कं बसलं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे पुढचे ब्रेक मुळातच जास्त काम करतात आणि कंपनीने पुढचं-मागचं प्रमाण त्याच हिशोबाने ठेवलेलं असतं. आता नुसत्या पुढच्याची ताकद वाढवली की पुढची चाकं लवकर लॉक होणार (फिरायची थांबून नुसती घसरणार), मागची निवांत फिरत राहणार, म्हणजे एवढा खर्च करून गाडी थांबायला उलट जास्तच जागा घेणार. आणि एकदाच करकचून ब्रेक मारायचा असेल तर जुने ब्रेकसुद्धा चाक लॉक करतातच की, तिथे सगळा खेळ टायरच्या ग्रिपचा. मोठ्या रोटरचा खरा फायदा उष्णतेत. त्यात धातू जास्त, त्यामुळे तापायला वेळ लागतो, आणि लांब उतारावर किंवा ट्रॅकवर परत परत ब्रेक मारले तरी पेडल दगा देत नाही. हे एवढं साधं कोणीच कसं सांगत नाही राव.

मग पर्याय दोनच उरले. १९९४ च्या १.८ मॉडेलचे २५५ आणि २५१, नाहीतर दुसऱ्या पिढीत २००१ पासून आलेले स्पोर्ट ब्रेक, पुढे २७० आणि मागे २७६. (हो, मागचा पुढच्यापेक्षा मोठा, मला आधी प्रिंटिंग मिस्टेक वाटली होती. पण जास्तीचं काम पुढचाच करतो, म्हणून तो जाड, मधून हवा खेळणारा आणि मागचा नुसता भरीव.) दोन्ही सेट कंपनीनेच जोडीने बनवलेले, त्यामुळे प्रमाणाची कटकट नाही. स्पोर्ट सेट जुन्या गाडीला बोल्टवर बसतो, फक्त १४ इंची रिममध्ये मावत नाही, १५ ची लागते. आणि १५ ची म्हणून कुठलीही बसेल असं नाही, हेही तुम्हीच बजावलंत, आणि पुठ्ठ्यावर कॅलिपरचा आकार कापून रिमच्या आत फिरवून बघायला लावलंत. रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं तर माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती, गाडी खाली घ्यायच्या आधी चाक हाताने फिरवून कान लावून ऐक म्हणालात आणि खरंच एका बाजूला बारीक खरखर होती, वजन थोडं सरकवलं आणि गेली.

पण सगळ्यात मोठा थँक्यू मागच्या कॅलिपरसाठी. पुढचा पिस्टन क्लॅम्पने दाबला की गुपचूप आत जातो, मागचा ढिम्म हलत नाही कारण हँडब्रेकचं मेकॅनिझम त्याच्या आतच असतं. जोर लावत बसला की आतल्याची वाट लागलीच समजा. मी क्लॅम्प हातात घेतला तेवढ्यात तुम्ही नुसतं "अं हं" केलंत. मागून १४ च्या पान्याने छोटा बोल्ट काढायचा, आतमध्ये ४ एमएमची अ‍ॅलन की (सहा कोनी चावी) घालायची, उलटी फिरवली की पिस्टन आत, सुलटी फिरवली की बाहेर. पॅड बसले की रोटर हाताने फिरेनासा होईपर्यंत आवळायचं आणि तिथून एक तृतीयांश फेरा मागे. कीवर हात तुम्ही माझाच ठेवलात, रोटर फिरता फिरता जड होत गेला आणि मग थांबला ते बोटांना कळलं. हँडब्रेक ढिला आहे म्हणून केबल आवळत बसणारे कितीतरी बघितलेत, त्यांना हा बोल्टच माहीत नसतो.

बाकीचं पटापट. हब (ज्यावर रोटर आणि चाक बसतं तो भाग) तारेच्या ब्रशने घासून घे म्हणालात, कारण गंजाचा एक पापुद्रा जरी राहिला तरी नवीन रोटर वाकडा फिरतो आणि मग लोक रोटरलाच शिव्या घालतात. होजच्या (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीच्या) बोल्टला तांब्याचे वॉशर नवीनच. आणि कॅलिपर डावा-उजवा बघून लाव, ब्लीडिंगचं (ऑइलमधली हवा काढायचं) निप्पल वरच्याच बाजूला आलं पाहिजे, खाली आलं तर दिवसभर पेडल मारत बसलास तरी वर अडकलेली हवा निघायची नाही आणि पेडल स्पंजीच राहणार. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, नवीन सीलबंद डब्यातलंच, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना उकळायला कमीत कमी २३० डिग्री, पाणी शिरलं की स्टँडर्डप्रमाणे १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, मग रोटर केवढाही मोठा लावा, काय उपयोग. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धू, हे तुम्ही इतक्या वेळा ओरडलात की शेजारच्यांनाही पाठ झालं असेल.

नवीन पॅड रोटरवर घासून नीट जमवून घ्यायला रिकाम्या रस्त्यावर नेलंत तेव्हा मला वाटलं आता मजा येणार, तर तुम्ही स्पीडवरून हळूहळू खाली आणायला लावत होतात, पूर्ण थांबू देत नव्हतात, परत वेग, परत ब्रेक, वास सुटेपर्यंत. नंतर गार होईपर्यंत चालवतच राहायचं, तापलेल्या रोटरवर पॅड दाबून उभं राहिलं की तिथे पॅडचा थर चिकटतो आणि पुढे कायम पेडल थरथरतं.

आता कशी आहे गाडी म्हणाल तर पहिला ब्रेक जुन्यासारखाच वाटतो, खोटं कशाला बोलू. फरक उताराच्या शेवटी कळतो, जिथे आधी पेडल लांब जायचं आणि पोटात गोळा यायचा, तिथे आता ते वरच्या वर तसंच्या तसं असतं.  लाल रंग मात्र मी मारलाच, त्याबद्दल काही बोलू नका.

टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) येत्या रविवारी आणून देतो, सगळ्यात कमी आकड्यावर सोडून केसमध्ये ठेवलाय. आणि दादा, तुमच्या स्वतःच्या गाडीतलं ब्रेक ऑइल काळं झालंय, त्या दिवशी बॉनेट उघडं होतं तेव्हा बघितलं मी. रविवारी दोन डबे घेऊन येतो, पेडल तुम्ही मारा.

तुमचाच,
१.६ वाला