ट्रान्समीटर खोलण्याआधी मनोऱ्यावर पाहा

महोदय,

मृगाचा पाऊस पडला आणि एखाद्या सामुदायिक रेडिओचा आवाज खरखरू लागला, की पहिला संशय ट्रान्समीटरवर घेतला जातो. तो उचलून दुरुस्तीला पुण्याला धाडला जातो आणि केंद्र मुकं होतं. दोष मात्र पुष्कळदा वर, अँटेनाच्या जोडावर असतो.

निवाडा अर्ध्या तासात होतो. ट्रान्समीटर बंद करून अँटेनाची केबल काढा, तिथे ५० ओहमचा, पुरेशा वॉटचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध) लावा आणि कमी पॉवरपासून हळूहळू वाढवत न्या. ५० वॉटच्या ट्रान्समीटरचे पूर्ण ५० वॉट मिळाले आणि परावर्तित, म्हणजे उलट परत येणारी पॉवर जवळजवळ शून्य दिसली, तर ट्रान्समीटर ठणठणीत आहे. आउटपुट मोकळं ठेवून मात्र तो कधीही चालू करू नका, ट्रान्झिस्टर जळू शकतो.

आता केबल परत जोडा. ५० पैकी २ वॉट परत येत असतील तर एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी दाखवणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.५, चालण्यासारखं. साडेबारा वॉट परत आले तर ३. अशा वेळी बरेचसे ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला पॉवर आपणहून कमी करतात, आणि आपण म्हणतो 'मशीन कमजोर झालं'. आकडा पावसात चढून उन्हात उतरला तर पाणी शिरलंय. वाऱ्याबरोबर हलला तर जोड सैल किंवा डाख तुटलेला.

मल्टिमीटर इथे चकवतो. काही अँटेना बनावटीनेच डीसीला (मल्टिमीटरच्या एकदिश प्रवाहाला) शॉर्ट असतात, म्हणून शून्य ओहम दिसले तरी केबल फेकू नका. अँटेना सोडवून नुसती केबल तपासा. उलट, भिजून खराब झालेली केबल परत येणारी पॉवर वाटेतच गिळते आणि खाली मीटर छान दिसतो.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. त्या उन्हात जोडावरची साधी पीव्हीसी टेप वाळून सुटते आणि पहिल्याच सरीला पाणी आत. केबलची जाळी काळी-हिरवी दिसली तर चकाकतं तांबं लागेपर्यंत केबल कापून नवा कनेक्टर बसवा. त्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे कौलांसारखं पाणी ओघळून जाईल. वरून पीव्हीसी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं. केबल इमारतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

केंद्रचालकांना विनंती, रोज फॉरवर्ड (अँटेनाकडे जाणारी) आणि परावर्तित पॉवर वहीत टिपा, आणि टेप मेअखेरीस, पाऊस येण्याआधी बदला. मनोऱ्यावर माणूस चढवण्यापूर्वी ट्रान्समीटरचा प्लग काढून त्याच्याच खिशात द्या.

– एक प्रक्षेपण तंत्रज्ञ, सोलापूर