लेलँड गावाजवळून आप्पांना

प्रेस्टन, लँकेशायर

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या गुडघ्याचं फोनवर बोलणं झालंच आहे, ते परत लिहीत नाही. हे पत्र फक्त गाड्यांचं. फोनवर गाड्यांचं काही काढलं की दादा मध्येच फोन घेतो आणि तुमचं राहून जातं.

तर लेलँड हे गाव आहे, आप्पा. आमच्या घरापासून जवळच. तुमच्या कॉमेट ट्रकच्या तोंडावर जे नाव होतं ते या गावाचं. 1896 मध्ये इथे वाफेवरच्या गाड्या करणारी कंपनी निघाली आणि पुढे तिनं गावाचंच नाव घेतलं. त्यांची कॉमेट आली 1947 मध्ये. नंतर मद्रासच्या अशोक मोटर्सशी करार झाला आणि 1955 ला अशोक लेलँड हे नाव पडलं. आता गंमत बघा, इथल्या कारखान्यातून आज ज्या ट्रक बाहेर पडतात त्यांच्यावर डाफ असं नाव असतं. लेलँड लिहिलेली नवी गाडी बघायची तर कराडच्या नाक्यावरच उभं राहायला हवं.

किंग स्ट्रीटवर कारखान्याच्या जुन्या जागेत ट्रक-बसचं म्युझियम आहे. 1982 मध्ये पोप आले तेव्हा त्यांच्यासाठी बनवलेली काचेची गाडीही तिथे आहे, आणि पोरं तिच्यापुढेच गर्दी करतात. मी गेले होते ते जुन्या गाड्या बाळगणारे लोक आपापल्या गाड्या घेऊन जमतात त्या दिवशी. मला वाटलं होतं, पैसेवाल्यांची हौस असेल. तसे काही असतातही, गाडीला हात न लावता नुसती पुसत बसणारे. पण बरेचसे तुमच्यासारखेच निघाले. आयुष्यभर ड्रायव्हरकी केलेले, निवृत्तीचा पैसा त्याच लोखंडात घालणारे. बायका वैतागलेल्या, तेही आपल्याकडच्यासारखंच.

त्यातल्या एका ऐंशी ओलांडलेल्या आजोबांची अ‍ॅटकिन्सन होती. ही कंपनीही इथलीच, प्रेस्टनला लागून असलेल्या वॉल्टन-ल-डेलची. आठ चाकी गाडी, पुढचे दोन्ही एक्सल वळणारे आणि पॉवर स्टेअरिंग नाही. आत गार्डनरचं इंजिन, मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला बनलेलं. सहा सिलिंडर, 8.4 लिटर आणि ताकद म्हणाल तर 112 हॉर्सपॉवर. एवढ्यावर ही गाडी मालासकट बावीस-चोवीस टन ओढायची. आजोबांनी मला केबिनमध्ये बसवलं. इंजिन ड्रायव्हरच्या मांडीशेजारीच, वर नुसतं झाकण. रिकामं सोडलं की इतकं सावकाश चालतं की ठोके मोजावेत. गिअर बदलताना ते क्लच दोनदा दाबत होते, मधे किंचित थांबून इंजिनाचा आवाज खाली येऊ देत होते आणि मगच दांडा सरकवत होते. कुठे खरखर नाही. तुमचा डबल क्लच! मी म्हटलं, माझे वडील असंच चालवायचे, तर म्हणाले, मग त्यांना गाडी चालवता येते.

केबिन लाकडी सांगाड्याची आहे, अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची. आपल्या मिस्त्रीनं चॅसीवर केबिन चढवली होती तशीच सुतारकी. वरून पत्रा चकाचक दिसतो आणि आत लाकूड कुजलेलं असतं. मग जुना तुकडा जपून काढायचा, त्याच्या मापानं नवा कापायचा. सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. या गाड्या वाचल्या त्या पुष्कळदा जत्रेवाल्यांमुळे. पाळणे आणि झुले गावोगाव न्यायला त्यांनी भंगाराच्या भावात जुन्या ट्रक घेतल्या आणि कितीतरी वर्षं वापरल्या.

आता तुमच्या कामाची गोष्ट, घाट. इथे खंडाळ्यासारखा मोठा घाट नाही, पण स्कॉटलंडकडे जाणारा ए-सिक्स रस्ता शॅप नावाच्या माळावरून जायचा. उंची 1,400 फुटांच्या आसपास, म्हणजे तुम्हाला काहीच नाही. पण हिवाळ्यात बर्फ, वारा आणि धुकं, त्यात गाडीत हीटर नाही. पायांवर पोती गुंडाळून चालवायचे. शिवाय 1957 पर्यंत अवजड गाड्यांना ताशी 20 मैलांची मर्यादा होती, म्हणजे रात्र संपता संपायची नाही. चढाला लागण्याआधी जंगल कॅफे नावाचं हॉटेल होतं, त्याचं नाव निघालं की हे सगळे म्हातारे एकदम बोलायला लागतात. 1970 मध्ये शॅपवरून मोटरवे झाला आणि जुना रस्ता ओस पडला. तिथे माथ्यावर एक दगड बसवलाय, या अवघड वाटेनं माल नेणाऱ्या ड्रायव्हरांच्या आठवणीचा. बर्फात अडकलेल्यांना जेवण आणि आसरा देणाऱ्या आसपासच्या लोकांचाही त्यावर उल्लेख आहे. मी मुद्दाम जाऊन वाचून आले. आपल्याकडे घाटात देऊळ असतं, पण ड्रायव्हरांसाठी असा दगड मी पाहिलेला नाही. असायला हवा असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकली. 1960 च्या आधीच्या ट्रकला इथे दरवर्षी पासिंग करावं लागत नाही, पण अट अशी की ट्रक रिकामी हवी. म्हणजे परतीचा माल मिळाला नाही तर तुम्ही दोन-दोन दिवस वाशीला थांबायचात, आणि ही गाडी जन्मभराची रिकामी! आजोबांनाही ते पटत नाही. रिकाम्या गाडीचे पाटे कडक लागतात, ती उड्या मारते, भरली की कशी बसते ते आता कुणाला कळणार, असं म्हणाले. म्हणून मग हौद्यात खोकी रचून त्यांनी ताडपत्री बांधून दाखवली. दोराला पीळ देऊन फास करायचा, दोर खालच्या हुकातून घेऊन फासात ओवायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढायचा. सोडताना गाठ एका हिसक्यात सुटते. नव्या पोरांना बेल्टशिवाय काही बांधता येत नाही म्हणून ते शिव्या देत होते.

मी त्यांना सांगितलं, आमच्या आप्पांची गाठ अशीच होती, पण फास उलट्या बाजूनं घ्यायचे. त्यांना ते खरं वाटेना. तेव्हा गोठ्यातला दोर घ्या आणि करून दाखवा. दादाला म्हणावं, व्हिडिओ काढताना बोटं दिसली पाहिजेत, तुमचा चेहरा नाही दिसला तरी चालेल.

तुमची,
धाकटी