निरोप समारंभाचे फोटो डिसेंबरातच उरका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या निरोप समारंभांचे दिवस जवळ आले आहेत. सोलापुरातल्या अनेक शाळांत वर्गाचा फोटो त्याच दिवशी, भाषणं आटोपल्यावर, मैदानात उन्हाकडे तोंड करून काढला जातो. तोवर साडेबारा वाजलेले असतात, गजरे सुकलेले असतात, मुलांना भूक लागलेली असते आणि शिक्षकांना पुढच्या कार्यक्रमाची घाई असते. मग निम्म्यांचे डोळे मिटलेले आणि उरलेल्यांच्या कपाळावर आठ्या. दोष छायाचित्रकाराचाही नसतो, मुलांचाही नसतो, वेळ चुकीची असते. शाळांनी या फोटोसाठी डिसेंबरातली एक वेगळी सकाळ द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

अमेरिकेत बारावीच्या मुलांचे ‘सीनिअर पोर्ट्रेट’ शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात किंवा वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवतात, कारण ते वार्षिकांकात छापायचे असतात. आपल्याकडे जानेवारीत पूर्वपरीक्षा, पाठोपाठ बारावीची प्रात्यक्षिकं. त्यातच संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा आणि होम मैदानावरची गड्डा जत्रा. त्या दिवसांत तळ्याकाठी किंवा किल्ल्याच्या बाजूला निवांत फोटो काढणं विसराच. म्हणून डिसेंबर.

वेळ सकाळी नऊची धरावी आणि जागा इमारतीच्या उत्तरेची. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीलगत सावली टिकते. दुमजली इमारत असेल तर डिसेंबरात भर दुपारीही ती सहा मीटरच्या आसपास पडते, सकाळी त्याहून जास्त. चार रांगा त्यात सहज मावतात. मात्र झाडाखाली रांगा लावू नका. पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पांढरे डाग पाडतात आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत.

साठ मुलांसाठी चार रांगा पुरतात: पुढची सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी, चौथी बाकांवर. उंचीचा क्रम आदल्या दिवशीच खेळाच्या शिक्षकांनी वर्गात लावून द्यावा, म्हणजे मैदानातली अर्ध्या तासाची ढकलाढकली वाचते. बाक मातीवर ठेवू नका, एका बाजूने खचतात. फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवा. मागच्या प्रत्येकाने पुढच्या दोन डोक्यांच्या मधून दिसायला हवं. “तुला कॅमेऱ्याची काच दिसते का?” असं रांगेतल्या प्रत्येकाला विचारलं की काम होतं. छायाचित्रकाराने जागा नाही म्हणून पुढे येऊन रुंद लेन्सने उरकू नये, कडेच्या मुलांचे चेहरे आडवे ताणले जातात. मागे सरकून पन्नास मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, एफ आठ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, पुढची-मागची रांग दोन्ही स्पष्ट) आणि स्टँड, हे पुरेसं आहे. साठ जणांत कोणी ना कोणी डोळे मिटतोच, म्हणून किमान आठ-दहा क्लिक घ्याव्यात. नंतर एका फोटोतले उघडे डोळे दुसऱ्यात बसवता येतात, पण कॅमेरा जागचा हलला नसेल तरच.

चष्म्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा सावलीतही काळवंडतात, आणि थंडीत तर अधिकच. असा चष्मा डबीत ठेवून अगदी क्लिकच्या आधी लावावा, किंवा घरात जुनी साधी जोडी असेल तर ती आणावी. काचेवर आकाशाची चमक येत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायची. चष्मा काढायला लावू नये. जे मूल वर्षभर चष्म्यात दिसतं, ते फोटोतही चष्म्यातच दिसू द्यावं.

आता एकेकट्याच्या फोटोची तयारी. केस कापायचे तर आठ-दहा दिवस आधी. आदल्या दिवशी कापले की कानामागची कातडी पांढरी दिसते. केस आदल्या संध्याकाळी धुवावेत आणि सकाळी तेल लावू नये. फेशियल, ब्लीच किंवा नवं क्रीम आठवडाभर आधीपासून बंद, कारण त्याची लाली आणि पुटकुळ्या नेमक्या त्याच दिवशी उठतात. डिसेंबरात आपल्याकडे ओठ फुटतात, म्हणून चार रात्री आधीपासून व्हॅसलीन लावावं. फोटोआधी टाल्कम पावडर नको. फ्लॅशमध्ये ती राखेसारखी उठते आणि चेहरा मानेपेक्षा वेगळा दिसतो. तेलकटपणा टिपकागदाने किंवा मऊ सुती रुमालाने टिपावा, पुसू नये.

कपड्यांचं म्हणाल तर गणवेश शिवणाऱ्या या शहरात काय सांगावं! तरी एक गोष्ट सुटते. बारीक चौकड्यांच्या किंवा बारीक रेघांच्या शर्टावर कॅमेऱ्यात रंगीत लाटा उमटतात, मोबाइलवर तर हमखास. साधा किंवा मोठ्या चौकड्यांचा शर्ट बरा. नवा शर्ट पाकिटातून काढून थेट घालू नये, घड्यांच्या रेघा दिसतात. एकदा धुऊन, उलट बाजूने इस्त्री करावी, म्हणजे टेरीकॉटवर चकाकी येत नाही. साडी नेसणार असाल तर त्याच चपला घालून आधी एकदा नेसून बघा, परकराची उंची तेव्हाच कळते. इरकल साडी फोटोत फार देखणी दिसते, भारी जरीची मात्र समोरच्या फ्लॅशने भकभकते. तिच्यासाठी उजेड बाजूने, पांढऱ्या छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून (दिव्यावरच्या पांढऱ्या कापडाच्या पेटीतून) हवा. हिजाब किंवा ओढणी डोक्यावर असेल तर कापड न चमकणारं असावं आणि कड कपाळावर पुढे येऊन सावली पाडत नाही ना, एवढं पाहावं.

स्टुडिओचा खर्च परवडत नसेल तर घरीही चांगला फोटो निघतो. ऊन थेट येत नाही अशी खिडकी निवडा, मुलाला तिच्यापासून तीन-चार फुटांवर, तिरकं उभं करा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा हिरवट आणि अर्धा निळसर येतो. अंधाऱ्या बाजूला दोन फुटांवर थर्माकोलचा पांढरा पत्रा किंवा आपला सोलापुरी पांढरा टॉवेल कोणीतरी ताणून धरावा, सावली उजळते. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, पाच-सहा फूट लांब, दुप्पट झूमवर. जवळून काढला की नाक मोठं आणि कान गायब. ‘ब्युटी’ची खूण आधी बंद करा, अनेक फोनांत ती आपोआप चालू असते.

आणि इथेच सर्वांत कळकळीची विनंती, माझ्या व्यवसायबंधूंना आणि पालकांनाही. चेहरा गोरा करू नका. सावळा रंग हा दुरुस्त करायचा दोष नाही. सोळा-सतराव्या वर्षी स्वतःचाच फोटो चार छटा उजळलेला हातात आला, तर आपण जसे आहोत तसे चालणार नाही, एवढंच त्या मुलीला कळतं. महिन्याभरात जाणारी पुटकुळी काढायला हरकत नाही. तीळ, व्रण, जन्मखूण मुलाला विचारल्याशिवाय काढू नये, आईवडिलांनी सांगितलं तरी. सावळा चेहरा काळपट येतो तो बहुतेक वेळा कॅमेरा पांढऱ्या शर्टाला भुलतो म्हणून. उजेड चेहऱ्यावर मोजला आणि शर्ट पांढराफटक होऊ दिला नाही, तर रंग जसा आहे तसाच सुंदर येतो.

रेल्वे रुळांवरचे फोटो कोणीही काढून देऊ नयेत. जिवाचा धोका आहेच, शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हाही आहे. स्टुडिओच्या काचेत किंवा इन्स्टाग्रामवर मुलांचे फोटो लावायचे तर पालकांची लेखी संमती घ्यावी.

शेवटी छपाई. साठ जणांचा फोटो सहा बाय आठ इंचांवर छापला तर चेहरा हरभऱ्याएवढा येतो. तो बारा बाय अठरावरच छापावा, आणि त्यासाठी फाइल 5400 बाय 3600 पिक्सेलची हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा किंवा शाळेने पेनड्राइव्हवर घ्यावा. रांगा मोडण्याआधी वर्गशिक्षकांनी प्रत्येक रांगेची नावं, पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे, कागदावर लिहून घ्यावीत आणि ती फोटोखालीच छापावीत. मागाहून हजेरीपटावरून नावं जुळवायला बसलं की गैरहजर मुलांचीही नावं छापली जातात.

आपला,
एक छायाचित्रकार, सोलापूर